खांब क्रमांक सत्तेचाळीस

ठराव झाला तेव्हा मी सभागृहातल्या पंख्याचा रेग्युलेटर बदलत होतो,
म्हणून ऐकला.
प्रभाग नशामुक्त करायचा. एकमताने. बाकं वाजवून.
तिसऱ्या पानावर माझं काम होतं:
तांडापेठ, शाळेमागचं मैदान, अंधार, दिवा बसवणे, एक नग.

विद्युत विभाग. हुद्दा लाइनमन. नाव बारापात्रे.
वडिलांनी हातमाग भंगारात दिला
त्याच वर्षी लागलो.

खांब आधीपासून होता, नुसता उभा.
बुडाशी चिंध्या, आणि पंक्चरवाल्याच्या सोल्युशनच्या ट्यूबा,
शेवटच्या थेंबापर्यंत दुमडत आणलेल्या,
आई टूथपेस्ट दुमडायची तशा,
काटकसरीनं.

दिवा लावला. तीन दिवसांत फुटला.
पुन्हा लावला. फुटला.
जाळी लावली, तर जाळीसकट गेला.
हात कापतात म्हणे या पोट्ट्यांचे,
पण गुलेलीचा नेम बाकी सरळ.

रजिस्टरात रकाना असतो: बिघाडाचे कारण.
मी लिहीत गेलो, वारा.
चारही वेळा वारा.
अभियंता मॅडम चष्म्यावरून पाहत म्हणाल्या,
"बारापात्रे, ऑक्टोबरात वारा?"
म्हटलं, आमच्या तांडापेठेत असतो.
दगड लिहिलं असतं तर एक प्रत चौकीत गेली असती,
आणि चौकीतून परत आलेल्या पोट्ट्यांचा नेम
मग दिव्यावर राहत नाही.

मंगळवारी झोन ऑफिसात समुपदेशन.
वेगळी खोली नाही, म्हणून जन्म-मृत्यूच्या खिडकीत.
मेंढेकर बाई बसतात. पाण्याची बाटली, कोरी वही.
लोक येतात, दाखला मागतात.
बाई सांगतात, आज दाखले नाहीत, आज व्यसन.
लोक चुकल्यासारखं करून निघून जातात.
एक जण गेली नाही.
नवऱ्याचा मृत्यूचा दाखला न्यायला आलेली.
म्हणाली, नसंल तर नसो,
मंग पोराचं सांगतो, लिहून घ्या.
त्या दिवशी ती खिडकी पाचला बंद झाली नाही.
मी बाहेर ट्यूबलाइटचा चोक पाहत होतो,
चोक ठीक होता, तरी पाहत होतो.

पाचव्यांदा गेलो तेव्हा मदतनीस नव्हता,
त्याला मतदारयादीच्या कामाला लावलेलं.
मैदानात एकच पोट्टा. चौदा-पंधराचा. बाही नाकाशी.
म्हटलं, धर बे शिडी.
धरली त्यानं.
वर चढलो आणि शिडी थरथरायला लागली.
मी वर, एका हातात पाना,
आणि माझा सगळा जीव खाली, त्या दोन हातांत.
"घट्ट धर नं!"
"धरूनच तर राह्यलो काका. हातच असे हायेत."

उतरलो. नाव विचारलं. मिथुन सोनकुसरे.
दहा रुपये मागितले. दिले नाहीत.
चहा पाजला, साखर जास्त टाकायला सांगितली.
दोन्ही हातांनी ग्लास धरूनही
अर्धा शर्टावर.
मग म्हणाला, "तो दुसरा लाइट मी नाही फोडला काका."
उरलेल्या तिघांचं
मी विचारलं नाही.

तो दिवा एकवीस दिवस टिकला.
टिकला म्हणून कोणी सुधरलं असं नाही.
काही जण रेल्वेच्या भिंतीपलीकडे सरकले,
तिथला खांब माझ्या हद्दीत येत नाही,
कोणाच्या हद्दीत येतो तेही माहीत नाही.

बाविसाव्या दिवशी तक्रार आली.
शिडी घेऊन पोचलो,
तर काचा झाडून एका कडेला लावलेल्या,
आणि खांबाला टेकून तो. बाही खाली.
न सांगता शिडी धरली.
थरथरलीच.
आधीपेक्षा कमी, की मलाच सवय झालेली,
वरून कळत नाही.

संध्याकाळी रजिस्टर उघडलं.
कारण: वारा.
शेऱ्याच्या रकान्यात इतक्या वर्षांत
काही लिहिलं नव्हतं मी.
लिहिलं,
मदतनीस हजर.